बूट न होणाऱ्या यंत्रांचा इतिहास : जुने संगणक, फोन आणि लिनक्स

(यवतमाळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

विषय वाचून काही जण वही-पेन घेऊन आलेले दिसतात, पेनड्राइव्ह कसा बनवायचा ते लिहून घ्यायला. त्यातलं थोडंफार आज निघेलच. पण आपली मालिका इतिहासाची आहे, आणि मला सांगायचा आहे तो बिघाडांचा इतिहास. यंत्र कुठे अडकलं, का अडकलं आणि ते सोडवताना आपल्याकडच्या माणसांच्या हाती काय लागलं, हे मला पाहायचं आहे. शोधांवर पुस्तकं निघतात. दुरुस्तीवर निघत नाहीत, कारण दुरुस्ती करणारा लिहायला बसेपर्यंत त्याच्या टेबलावर पुढचा डब्बा आलेला असतो.

हा विषय आत्ताच का घेतला? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सुधारणा थांबली. जादा मुदत आहे, पण ती अटींची आहे. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. आता तहसीलसमोरची झेरॉक्सची दुकानं, शाळांमधल्या संगणक खोल्या, वकिलांची टेबलं डोळ्यांसमोर आणा. तिथले किती डब्बे त्यानंतरचे आहेत? दुकानात प्रश्न येतो तो असा : "भाऊ, हा तं चांगला चालून राहिला होता, मग याले नवीन विंडोज काऊन घेत नाही?" आणि त्यावर कोणीतरी सल्ला देतो की लिनक्स टाका, जुन्यावर पळतं.

हा सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा कुठून आला ते पाहू.

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं मिनिक्स वापरणाऱ्यांच्या चर्चागटात लिहिलं की मी ३८६ जातीच्या यंत्रांसाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, हौस म्हणून. लक्षात घ्या, ३८६ हे त्या वेळी जुनं यंत्र नव्हतं. सामान्य माणसाला घरी घेता येईल असं ते बऱ्यापैकी ताजं यंत्र होतं. लिनक्स जन्मलं ते आपल्या काळाच्या यंत्रावर. 'जुन्या डब्ब्याचं सॉफ्टवेअर' ही ओळख त्याला नंतर चिकटली, आणि ती चिकटवणारे आपण, म्हणजे गरजवंत. लिनक्सनंही जुनं सोडलेलं आहे. ज्या ३८६ वर ते जन्मलं, त्या ३८६ चा आधार २०१२ च्या शेवटी कर्नलमधून काढून टाकला. फरक एवढाच की जुनी आवृत्ती आजही उघड्यावर पडलेली आहे, कोणीही उचलावी, कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे हे आलं कसं? सर्वसामान्यांसाठी इंटरनेट देशात सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. विद्यार्थ्यांना परवडायचं ते शेल खातं, म्हणजे नुसती अक्षरं, चित्र नाही. त्या तारेवरून पूर्ण लिनक्स उतरवून घेणं म्हणजे विहीर वाटीनं उपसणं. म्हणून लिनक्स आलं ते मासिकांबरोबरच्या सीडीतून. पीसी क्वेस्टनं नव्वदच्या दशकात लिनक्सच्या सीडी वाटल्या, आणि गावोगावच्या किती तरी लोकांचा पहिला परिचय तोच. पुढे फेब्रुवारी २००३ मध्ये 'लिनक्स फॉर यू' हे स्वतंत्र मासिकच निघालं. लहान शहरात एका सीडीच्या दहा प्रती व्हायच्या. आणि हे चोरून नव्हे बरं का, परवान्यातच ती मुभा होती. पायरेटेड विंडोजच्या त्या काळात कायदेशीरपणे कॉपी करता येणारी सीडी ही लोकांना जरा संशयास्पदच वाटायची. (हशा)

आता पहिला मोठा बिघाड. सीडी टाकली, तासभर घालवला, यंत्र पुन्हा सुरू केलं. काळ्या पडद्यावर दोनच अक्षरं उमटली : एल आणि आय. पुढे काही नाही. ही लिलोची अक्षरं. लिलो म्हणजे त्या काळचा बूटलोडर, संगणक सुरू झाल्यावर कर्नल शोधून आणणारा छोटा प्रोग्रॅम. तो आपलं नाव एकेक अक्षरानं छापायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार. चारही अक्षरं आली तर सगळं ठीक. फक्त पहिलं आलं तर एक अर्थ, दोनवर अडकलं तर दुसरा. दोन अक्षरं म्हणजे पहिल्या तुकड्यानं दुसरा तुकडा आणला, पण तो चालवता आला नाही. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिस्कची मापं बायोसला एक वाटत होती आणि लिनक्सला दुसरी.

या भानगडीच्या मुळाशी एक जुनी काटकसर होती. बायोसनं सिलिंडर मोजायला फक्त दहा बिट ठेवले होते. दहा बिटांत १०२४ च्या पुढे मोजता येत नाही. म्हणजे डिस्कचा साधारण पहिला ८.४ जीबी भागच बूट होताना दिसायचा. नव्वदच्या अखेरीस त्याहून मोठ्या डिस्क बाजारात आल्या, लोक पुढचा भाग विंडोजला द्यायचे आणि शेवटी उरलेल्या जागेत लिनक्स टाकायचे. कर्नल पडायचं हद्दीपलीकडे. उपाय साधा होता. डिस्कच्या सुरुवातीलाच एक चिमुकला स्वतंत्र भाग करायचा आणि कर्नल त्यात ठेवायचं. २००० च्या सुमारास लिलोमध्ये नवी सोय आली आणि हा त्रास संपला. पण वेगळा बूट भाग करायची सवय मात्र जुन्या माणसांच्या हातात अजून आहे. विचारलं तर सांगतात, "करून ठेवलेला बरा असतो."

दुसरा बिघाड मोडेमचा. बाहेरचा डब्बीसारखा मोडेम महाग होता, म्हणून असेंबल केलेल्या यंत्रांत आतलं स्वस्त कार्ड यायचं. ते स्वस्त का, तर त्यातलं अर्धं काम चिपऐवजी विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं. लोक त्याला 'विनमोडेम' म्हणायचे. लिनक्समध्ये ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. आणि गंमत अशी की त्याचा ड्रायव्हर मिळायचा इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळायचं त्या मोडेममधून. ही कोंबडी-अंड्याची गाठ पुढे वायफायच्या चिपांबाबत पुन्हा पडली. तिथे आज आपण काय करतो? अँड्रॉइड फोन यूएसबीनं लावतो, टेदरिंग चालू करतो, आणि फोनच संगणकाला नेट देतो. काही न करता ते चालतं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. नवीन टाकताना वायफाय दिसत नसेल तर हे पहिलं करा. वहीवाल्यांनी लिहून घ्या.

तिसरा बिघाड आपल्या जिल्ह्याला जवळचा. लोडशेडिंग.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणं ही बातमी नव्हती. आणि जायची ती सांगून नाही जायची. त्या आधीच्या लिनक्समध्ये फाईलींची मांडणी ठेवणारी पद्धत होती एक्स्ट-२. तिच्यात लिहिता लिहिता वीज गेली की पुढच्या वेळी यंत्र अख्खी डिस्क तपासायला बसायचं. वीस-चाळीस जीबीची डिस्क आणि हळू यंत्र, म्हणजे पुष्कळ वेळ. तपासणी अर्ध्यावर असताना पुन्हा वीज गेली तर? पुन्हा पहिल्यापासून. आणि कधीकधी ते थांबून विचारायचं, प्रशासकाचा पासवर्ड द्या आणि हातानं दुरुस्त करा. पासवर्ड कोणाला माहीत, तर ज्यानं टाकून दिलं त्या नागपूरच्या मुलाला.

नोव्हेंबर २००१ मध्ये एक्स्ट-३ अधिकृत कर्नलमध्ये आलं. त्यात रोजकीर्द आहे. दुकानदार खतावणीत मांडण्याआधी रोजकीर्दीत टिपतो ना, तसं. बदल करण्याआधी तो नोंदवायचा, मग करायचा. वीज गेली तर आल्यावर फक्त रोजकीर्द पाहायची, अख्खी खतावणी नव्हे. जगाच्या इतिहासात ही सर्व्हरसाठीची सुधारणा म्हणून लिहिली जाते. माझ्या मते तिचा खरा फायदा इन्व्हर्टर नसलेल्या खोलीतल्या माणसाला झाला. मांडणी वाचायची, हे मात्र नीट समजून घ्या. सेव्ह न केलेला अर्ज जायचा तो जायचाच.

मग २००४. ऑक्टोबरमध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि त्यांनी एक अजब योजना काढली : मागाल त्याला सीडी पोस्टानं घरपोच, फुकट. एप्रिल २०११ पर्यंत ती चालली. त्याआधी २००० मध्ये नॉपिक्सनं दाखवून दिलं होतं की डिस्कला हात न लावता नुसत्या सीडीवरून लिनक्स चालवता येतं. या दोन गोष्टींनी दुरुस्तीचं काम बदललं. विंडोज उघडत नाही, आत लग्नाचे फोटो अडकलेत, फॉरमॅट मारायचा म्हणजे सगळं जाणार, अशा वेळी सीडीवरून चालू करून फोटो बाहेर काढता येऊ लागले. लिनक्स न वापरणाऱ्या कितीतरी दुकानदारांकडे लिनक्सची सीडी असायची ती एवढ्याचसाठी.

शाळांबद्दल थोडं बोलतो, लांबवत नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात या वाडीतल्या एकशिक्षकी शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या प्रकल्पाची हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रं आली. आत फेडोरावर आधारलेलं लिनक्स, ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, डिस्कच्या जागी १ जीबी फ्लॅश. या यंत्राचा जगभर गाजलेला एक बिघाड फार मानवी होता. मुलं फोटो-व्हिडिओ काढत जायची, १ जीबी भरायचं, आणि पूर्ण भरलं की यंत्र बूटच व्हायचं नाही. आजही 'काल चालू होतं, आज लॉगिनवरून परत येतं' अशी तक्रार आली की आधी डिस्क भरली आहे का ते पाहावं. केरळनं याच दशकात सरकारी शाळांची संगणक शिकवणी लिनक्सवर नेली आणि मुख्य म्हणजे शिक्षकांनाच टाकायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी घरोघरी पोचलं, आणि त्यानं लाखो लोकांच्या हाताला माऊस लावला हे मान्यच करायला हवं. पण त्या पिढीच्या डोक्यात संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हेही त्यानंच बसवलं.

आता मुख्य भागाकडे येतो. मराठी अक्षरं.

वरचे सगळे बिघाड जगात सगळीकडे होते. हा खास आपला. नव्वदच्या दशकात मराठी टाईप व्हायचं ते श्रीलिपी, सी-डॅकच्या सुरेखसारखे फॉन्ट, शिवाजी, आणि आपल्या विदर्भात हिंदीच्या शेजारामुळे कृतिदेव, यांतून. यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी तुकडा बसवायचा. संगणकाला वाटायचं इंग्रजी लिहिलं आहे, आपल्याला दिसायचं मराठी. फॉन्ट असेपर्यंत सगळं सुरळीत. ती फाईल लिनक्सवर उघडली आणि फॉन्ट नसला, की पडद्यावर युरोपातली टोप्या घातलेली अक्षरं, कंस आणि नाण्यांची चिन्हं. खरेदीखत, ठराव, निवेदन, सगळ्याची तीच गत. लोक म्हणायचे, लिनक्सनं माझी फाईल खराब केली. फाईल तशीच होती. ती कधी मराठी नव्हतीच.

खऱ्या मराठीची सोय कागदावर लवकर झाली होती. भारतीय भाषांसाठी इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये आलं, १९९१ मध्ये सुधारलं, आणि त्याच्याच आधारावर युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पण जागा मिळणं वेगळं आणि पडद्यावर अक्षर नीट जुळणं वेगळं. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या नंतर टाईप होते आणि दिसते आधी. जोडाक्षरं, रफार हे सगळं जुळवायला इंजिन लागतं. लिनक्समध्ये ते करायला मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत इंडिक्स नावाचा प्रकल्प झाला. इंडलिनक्स हा स्वयंसेवकांचा गट मुंबईतूनच उभा राहिला. सुलेखनकार र. कृ. जोशी, ज्यांनी विंडोजमधला मंगल फॉन्ट केला, त्यांचाच रघू हा फॉन्ट एनसीएसटीनं मुक्त परवान्याखाली दिला. २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित फॉन्ट मुक्त केले, आणि पुण्याच्या त्यांच्या कार्यालयातून मराठीकरणाचं पुष्कळ काम झालं. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे, म्हणून काही काळ लोहित मराठी असा निराळा फॉन्टही होता.

एक बारीक गोष्ट मात्र बरीच वर्षं छळत राहिली. आपल्याकडे र आणि य जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. 'आचार्यास दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यास मजुरी द्या'. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो आडवा र. हिंदीला दुसऱ्याची गरज नाही, म्हणून सुरुवातीच्या इंजिनांत त्याची आबाळ झाली. परिणाम? 'दऱ्या' चं 'दर्या'. आणि आपल्या जिल्ह्यात तर कोणत्या शब्दात? 'शेतकऱ्याचा'. कापसाच्या जिल्ह्यात हा शब्द नसलेला सरकारी कागद मला दाखवा. पंचनामा असो, कर्जाचा अर्ज असो, तो शब्द पडद्यावर आणि छपाईत चुकीचा यायचा, आणि टाईप करणारी बाई म्हणायची, मी तर बरोबरच दाबलं. ती खरंच बरोबर होती.

युनिकोडमध्ये यासाठी नुक्त्याचा ऱ वापरायचा, असं ठरलेलं आहे. दुसरी जुनी वाट म्हणजे साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. म्हणजे 'गोऱ्हे' हे आडनाव एकानं एका पद्धतीनं नोंदवलं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर सापडणार नाही. माणूस समोर उभा, कागदावर नाव, आणि संगणक म्हणतो असं कोणी नाही. यंत्र नीट चालू असताना होणारा हा बिघाड बूट न होण्यापेक्षा वाईट, कारण तो कळतच नाही. पुढे लिनक्सचं पँगो, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस हे सगळे हार्फबझ नावाच्या एकाच इंजिनावर आले आणि अक्षरं जुळायची कटकट जवळजवळ मिटली. दोन पद्धतींची मिटलेली नाही.

आता हे सगळं जिथे एकत्र आलं, ती जागा तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कोर्ट.

देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये मंजूर झाला, दुसरा टप्पा २०१५ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण धरलं, उबुंटूची १२.०४ आणि मग १४.०४ ही आवृत्ती न्यायालयांसाठी जुळवून घेतली, आणि खटल्यांची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीनं तयार केलं. न्यायाधीश आणि कर्मचारी या दोघांनाही उबुंटू आणि सीआयएसचं प्रशिक्षण दिलं गेलं. काळ पाहा : एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधार संपला. अनेक कचेऱ्या पायरेटेड विंडोज ७ कडे निघाल्या असतील, त्याच सुमारास यवतमाळ, दारव्हा, पुसद, केळापूर, वणी इथल्यासारख्या न्यायालयांच्या दप्तरात उबुंटू होतं. आज खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख मोबाईलवर पाहणारा शेतकरी त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. आपल्याकडे लिनक्स नाही, असं म्हणणाऱ्याला मी तारीख बघायला सांगतो.

जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली होती. म्हणजे कोर्टात मराठी टाईप करणं ही हौस नाही, रोजचं काम. ज्यांचा हात मराठी टाईपरायटरवर बसलेला, त्यांच्यासमोर इनस्क्रिप्टचा कीबोर्ड आला. वीस वर्षांची बोटांची सवय एका प्रशिक्षणात जात नाही. तांत्रिक माणसं याला 'वापरणाऱ्याचा विरोध' म्हणतात. मला ते पटत नाही. मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग हे त्या माणसाचं पोट होतं, आणि नव्या कीबोर्डनं तो त्याला काही महिने तरी दहावर आणून ठेवला.

आणि प्रिंटर! कचेऱ्यांत, डीटीपीच्या दुकानांत सगळीकडे एकच छोटा लेझर प्रिंटर, कॅनन एलबीपी २९००. स्वस्त, टिकाऊ, टोनर कुठेही भरून मिळतो. लिनक्सवर मात्र तो चिवट, कारण तो स्वतःची वेगळी भाषा बोलतो. कंपनीनं ड्रायव्हर दिला होता, पण तो ३२ बिटांच्या जुन्या फाईली मागायचा आणि मागे एक सेवा सतत चालू लागायची. एचपी १०२० ची तऱ्हा निराळी : वीज गेली की स्वतःचं फर्मवेअरच विसरतो, दर वेळी संगणकानं ते भरवावं लागतं. लोडशेडिंगमध्ये हे काय झालं असेल ते सांगायला नको. म्हणून लिनक्सकडे जाणाऱ्या दुकानदाराला मी आधी विचारतो, प्रिंटर कोणता? संगणकाचं नंतर बघू.

जुन्या डब्ब्यांची उरलेली दुखणी भराभर सांगतो. काळा पडदा : २०१० च्या सुमारास ग्राफिक्सचं काम कर्नलकडे गेलं आणि इंटेलच्या ८४५ सारख्या जुन्या चिपा गोठायला लागल्या. उपाय, सुरू होताना कर्नलला 'नोमोडसेट' हा शब्द द्यायचा. तो आजही पहिला प्रयोग आहे. 'पीएई नाही' असा संदेश : २०१२ नंतर उबुंटूनं ती सोय सक्तीची केली, आणि २००३ च्या आसपासचे काही पेंटियम-एम लॅपटॉप बाद ठरले. गंमत म्हणजे त्यातल्या पुष्कळांत ती सोय होती, प्रोसेसर फक्त सांगत नव्हता. 'फोर्सपीएई' लिहिलं की चालायचे. आणि ३२ बिट : उबुंटूनं २०१९ पर्यंत सोडलं, डेबियननं ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांचं इन्स्टॉलेशन थांबवलं. पण फसू नका. ३२ बिटांचं विंडोज ७ चालत होतं म्हणून यंत्र ३२ बिटांचं ठरत नाही. कोअर टू ड्युओ २००६ पासूनच ६४ बिटांचा आहे.

सगळ्यात स्वस्त दुखणं बटन सेलचं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते. मग लिनक्स म्हणतं डिस्क भविष्यकाळात वापरली गेली आहे, वेबसाईटी म्हणतात प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, अपडेट म्हणतं ही यादी अजून वैध नाही. तीन वेगळे बिघाड वाटतात, आणि औषध एका सेलचं. तसंच रॅम काढून तिचे पाय खोडरबरानं घासणं. हसू नका, आपल्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात हा उपाय कोणत्याही आज्ञेपेक्षा जास्त वेळा लागू पडतो.

आता फोन. भारतानं लिनक्सवर हातातलं यंत्र फार लवकर करून पाहिलं होतं, २००१ मधला बंगळूरचा सिम्प्युटर. तो बाजारात रुजला नाही. पुढे अँड्रॉइड आलं, कर्नल लिनक्सचं, पण सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी म्हणजे चौकोन. त्या वेळी मराठी वाचणाऱ्यांनी एक गुप्त मंत्र एकमेकांना सांगितला होता : ऑपेरा मिनीच्या आतल्या सेटिंगमध्ये जायचं आणि अवघड लिप्यांसाठी चित्ररूप फॉन्ट चालू करायचे. मग सर्व्हरच अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. कितीतरी जणांनी मराठी ब्लॉग वाचले ते असे, चित्र म्हणून.

संगणक आणि फोन यांत एक मूळ फरक आहे. जुन्या संगणकाला बायोस असतो, तो आतल्या भागांची ओळख करून देतो, म्हणून एकच सीडी हजार डब्ब्यांवर चालते. फोनमध्ये तसं कोणी ओळख करून देत नाही. कोणता भाग कुठे जोडलाय हे कर्नलला आधीच माहीत असावं लागतं, आणि ते माहीत असतं फक्त बनवणाऱ्याला. परवान्यानं कर्नलचा स्रोत देणं बंधनकारक आहे, पण स्वस्त फोनांच्या पुष्कळ कंपन्यांनी तो वेळेवर दिला नाही, काहींनी दिलाच नाही. म्हणून दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणतात ते त्याच कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसनं एक वाट धरली : फोन मूळ कर्नलवरच चालवायचा, म्हणजे कंपनी विसरली तरी अडत नाही. स्नॅपड्रॅगन ४१० वर त्यांनी चांगलं काम केलं, आणि २०१५ चा रेडमी २ त्यात येतो. तो फोन तुमच्या कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे.

पण अपेक्षा जपून ठेवा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते फक्त फोर-जीवर. त्यावर बोलणं होतं ते व्होल्टीनं, आणि व्होल्टी ही लिनक्स फोनांची दुखरी नस. उबुंटू टच टाकलेल्या पुष्कळ फोनांत जिओच्या सिमवर नेट चालतं, कॉल लागत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात ही अडचण टू-जी, थ्री-जी बंद होऊ लागल्यावर आली. आपल्याकडे ती एका कंपनीच्या धडाक्यानं आधीच आली. म्हणून जुना फोन लिनक्ससाठी घ्यायचा तर बोलण्यासाठी घेऊ नका. छोटा सर्व्हर म्हणून घ्या : बॅटरी म्हणजे घरचाच यूपीएस, वीज गेली तरी चालू. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र त्याला हातही लावू नका.

बूटलोडर उघडायचा नसेल तर टर्मक्स आहे, अँड्रॉइडच्या आतच लिनक्सच्या आज्ञा. त्यातल्या दोन तक्रारी नेहमीच्या. एक, प्ले स्टोअरवरून जुनं घेतलेलं चालत नाही, ते एफ-ड्रॉइडवरून घ्यावं. दुसरी, अँड्रॉइड १२ पासून काम मध्येच मरतं आणि 'सिग्नल ९' असं दिसतं. ते टर्मक्सचं पाप नाही, अँड्रॉइड बत्तीसपेक्षा जास्त उपप्रक्रिया दिसल्या की स्वतःच मारतं. आणि फोन संगणकाला दिसतच नसेल तर केबल बदला. बाजारातल्या अर्ध्या केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात.

चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय, तो घेतो आणि थांबतो. "आमच्या शाळेत चार संगणक आहेत, २ जीबी रॅम, विंडोज ७, फार हळू. लिनक्स टाकावं का?"

सर, आधी चारही डब्बे उघडा, धूळ काढा, सेल बदला, रॅम घासा. मग चौघांतला एक बळी द्या : त्याची रॅम बसत असेल तर दुसऱ्यात घाला, दोन चांगले झालेले चार रडणाऱ्यांपेक्षा बरे. परवडलं तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी घाला, फरक तिनंच पडेल. मग पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, लिनक्स चालवून पाहा आणि त्यात तीन गोष्टी तपासा : प्रिंटर छापतो का, आवाज येतो का, आणि 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द नीट उमटतो का. शाळेच्या जुन्या फाईली सुरेख किंवा श्रीलिपीत असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून होईपर्यंत विंडोजचा एक डब्बा तसाच ठेवा, नेट न जोडता. यंत्र ३२ बिटांचंच निघालं तर अँटीएक्ससारखी हलकी आवृत्ती बघू. आणि चिठ्ठीवर प्रोसेसरचं नाव लिहिलेलं नाही. ते मला खाली आल्यावर सांगा.